रोज उकळलेला मटणाचा रस्सा आठवडाभर चालतो, हे खरे नाही

आखाडात घरोघरी मटणाची मोठी पातेली चुलीवर चढतात आणि त्याच सुमारास मोबाइलवर शिळ्या मटणाविषयीचे सल्लेही फिरू लागतात. त्यांचा सारांश असा असतो: रस्सा सकाळ-संध्याकाळ खळखळून उकळला की आठवडाभर टिकतो, वास बिघडला नसेल तर मांस खायला हरकत नाही, गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये, तो रात्रभर बाहेर निवू द्यावा, आणि सलामी-सॉसेजमध्ये टिकाऊ द्रव्ये असल्याने पाकिटावरच्या तारखेपर्यंत ते निर्धोक असते. हे सल्ले लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध माणसे असलेल्या घरांतही पाळले जातात, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणे भाग आहे.

उकळण्याच्या सल्ल्यात थोडे तथ्य आहे आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे. उकळल्याने वाढते जिवाणू मरतात; फ्रिज नव्हते तेव्हा आपल्या आज्या-पणज्या याच उपायावर रस्सा दुसऱ्या दिवसापर्यंत नेत. परंतु क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स आणि बॅसिलस सिरियस या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्यांची सुप्त रूपे, उकळत्या पाण्यातही तग धरतात. रात्री गॅस बंद केलेल्या खोल पातेल्यात वर तर्रीचा जाड थर असतो, त्याखालचा रस्सा कित्येक तास कोमट राहतो आणि उकळीमुळे त्यातली हवाही निघून गेलेली असते. परफ्रिन्जेन्सला हवे असते ते नेमके हेच, आणि अनुकूल उष्णतेत तो सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होतो. सकाळच्या उकळीने हे जिवाणू मरतील, पण पुन्हा संध्याकाळपर्यंतचे तास त्यांच्या उरलेल्या बीजाणूंना मोकळेच मिळतात. त्याहून वाईट गोष्ट विषांची आहे. वाढणाऱ्याच्या हातावरून किंवा पुन्हापुन्हा बुडवलेल्या डावावरून स्टॅफिलोकॉकस हा त्वचेवरचा जिवाणू रश्श्यात गेला आणि तेथे वाढला, तर त्याने सोडलेले विष उकळीने नष्ट होत नाही. बॅसिलस सिरियसचे उलटी आणणारे विषही तसेच चिवट असते. हळद, लसूण आणि गरम मसाला यांच्यामुळे रस्सा टिकतो, असेही या सल्ल्यांना जोडून सांगितले जाते. स्वयंपाकात पडणाऱ्या प्रमाणात त्यांचा तेवढा प्रभाव नसतो, उलट मसाल्यांतून बीजाणूच आत येतात.

वासाविषयीचा समज सर्वांत घट्ट रुजलेला आहे. मांसाला आंबूस वास आणि बुळबुळीतपणा आणणारे जिवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जिवाणू हे बहुतांशी वेगळे असतात. त्यामुळे वास आलेले मांस टाकून द्यावे हे योग्यच आहे, पण वास न येणे हा त्याच्या निर्धोकपणाचा पुरावा ठरत नाही. थोडे चाखून ठरवण्याची पद्धत तर मुळीच अवलंबू नये.

गरम पदार्थ रात्रभर बाहेर ठेवण्याचा सल्ला थेट उलटा आहे. ४ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवे आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. अख्खे पातेले आत ठेवू नये, कारण ते मधून लवकर गार होत नाही. रस्सा उथळ डब्यांत वाटून ठेवावा, मग तो किंचित गरम असला तरी बिघडत नाही. ४ अंश किंवा त्याहून थंड फ्रिजमध्ये असे मांस तीन ते चार दिवस चालते आणि खाताना लागेल तेवढेच काढून वाफाळेपर्यंत गरम करावे. वीज गेली तर दार न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास पुरेसा थंड राहतो. भारनियमनाच्या गावांत हा हिशेब रोज ठेवावा लागतो, आणि तेथे उरेल इतके मटण न शिजवणे हाच मला खरा उपाय वाटतो. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये मात्र ते महिनोन्महिने सुरक्षित राहते, फक्त चव उतरते.

राहिले पाकीटबंद मांस. येथे गोव्याच्या सॉसेजचा दाखला दिला जातो, पण तो लागू पडत नाही: ते भरपूर मीठ, व्हिनेगर आणि मिरची लावून वाळवलेले कच्चे मांस असते आणि ते शिजवूनच खातात. सलामीचे किंवा शिजवलेल्या हॅमचे ओलसर काप तसेच थंड खाल्ले जातात. त्यांतील नायट्राइट हे टिकाऊ द्रव्य प्रामुख्याने बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला रोखते. लिस्टेरिया या दुसऱ्या घातक जिवाणूला ते पूर्णपणे अडवत नाही आणि लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये पोलोनी या तयार मांसातून त्याची साथ पसरली, तेव्हा एक हजारांहून अधिक लोक आजारी पडले आणि दोनशेंहून अधिक दगावले. रुग्णांत नवजात बालके मोठ्या संख्येने होती. गरोदरपणात आईला किरकोळ तापच येतो, पण गर्भ दगावू शकतो, आणि खाल्ल्यापासून आजार दिसेपर्यंत कधीकधी कित्येक आठवडे जात असल्यामुळे संशय त्या कापांवर जातही नाही. पाकिटावरची तारीख ही न फोडलेल्या आणि सतत थंड राखलेल्या पाकिटासाठी असते. फोडल्यावर काप तीन ते पाच दिवसांत संपवावेत, फोडल्याची तारीख पाकिटावर पेनाने लिहावी, आणि गरोदर स्त्रियांनी व वृद्धांनी ते वाफ निघेपर्यंत गरम केल्याशिवाय खाऊ नयेत.