‘मूळ नाटक वाचलेलं दिसत नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चेक दिग्दर्शक यिरी त्रन्काच्या बाहुलीपटावर, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकावरून केलेल्या, पण बाहुल्यांच्या तोंडी संवाद नसलेल्या ‘अ मिडसमर नाईट्स ड्रीम’वर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही काल लिहिलंत, “लेखकाने मूळ नाटक वाचलेलं दिसत नाही. बाहुल्या बघून भारावलेला भाबडा लेख. भाषा काढून टाकल्यावर शेक्सपिअरमध्ये उरतंच काय?” त्याखाली आणखी चार-पाच मुद्देही होते.

आधी चूक कबूल करतो. चित्रपटाचं साल मी 1958 लिहिलं होतं, ते 1959 हवं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात त्याला तांत्रिक कामगिरीचं पारितोषिक मिळालं. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘वाचलेलं दिसत नाही’ याबद्दल. मतभेदाचं मला वाईट वाटत नाही, पण हे वाक्य म्हणजे मतभेद नव्हे. न भेटलेल्या माणसाने काय वाचलं आणि काय नाही, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. माझे वडील तालुक्याच्या गावी इंग्रजी शिकवत. दिवे गेले की ते याच नाटकातले कारागिरांचे प्रवेश आम्हा भावंडांना मोठ्याने वाचून दाखवत, आधी इंग्रजीतून आणि मग आमच्या बोलीत. गाढवाचं डोकं बसलेला बॉटम विणकर मला ‘शेक्सपिअर’ हे नाव नीट उच्चारता येण्याआधीपासून ठाऊक आहे. पुढे बी.ए.ला हेच नाटक अभ्यासाला होतं. ती प्रत आजही माझ्याकडे आहे. हे सांगावं लागतंय याचंच वाईट वाटतं.

आणि ते वाचलं आहे म्हणूनच मी तो लेख लिहिला. चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश आठवून बघा. बॉटम जागा होतो. परीराणीच्या कुशीत काढलेली रात्र त्याला सांगायची असते, आणि सांगताच येत नाही. माणसाच्या डोळ्याने ऐकलं नाही, कानाने पाहिलं नाही, असं तो बरळतो. इंद्रियांची अशी अदलाबदल झाली की लोक हसतात, पण शेक्सपिअरने तिथे शब्दांचीच हद्द दाखवली आहे. हे स्वप्न काय होतं ते सांगणं माणसाच्या बुद्धीपलीकडचं आहे, असं खुद्द नाटकातलं पात्र म्हणतं. त्रन्का नेमका तिथून पुढे निघाला. शब्द जिथे थांबले तिथे त्याने बाहुल्या, कापड आणि उजेड हाती घेतला. परीराणी टिटानियाच्या मागे लोळणारा पायघोळ पदर तर चिमुकल्या पऱ्यांचाच आहे. हे दृश्य कुठल्या संवादात बसवणार?

जर्मन संगीतकार मेंडेल्सोननेही 1826 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, याच नाटकावर एक ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदासाठीची सुरुवातीची रचना, लिहिली. त्यात एकही शब्द नाही. त्याने नाटक वाचलं नव्हतं असं कुणी म्हणत नाही.

‘भाबडा’ हा शब्दही मला लागला. मी चौदा वर्षं शाळाशाळांतून हातमोज्याच्या बाहुल्यांचे खेळ केले. कागदाच्या लगद्याचं तोंड, त्यावर एकदाच रंगवलेले डोळे. मान जरा खाली झुकवली की तोच चेहरा रडवेला दिसतो आणि उजेडाकडे वळवला की हसरा. हे हाताला कळायला मला दोन-तीन वर्षं लागली. त्रन्का प्ल्झेन या चेक शहरात योसेफ स्कुपासारख्या बाहुलीकाराच्या हाताखाली शिकला होता. आपल्या बाहुल्यांचे ओठ हलवायला त्याने नकार दिला तो याच जाणिवेतून. पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळात मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी भारावलो, हे खरं. पण आपल्याच कामातली अवघड गोष्ट कुणीतरी पूर्णत्वाला नेलेली पाहून माणूस भारावतो, त्याला भाबडेपणा म्हणत नाहीत. तुम्ही एकदा हातात बाहुली घालून पाहा आणि मग हा शब्द वापरा.

चित्रपटाच्या इंग्रजी आवृत्तीत अभिनेता रिचर्ड बर्टनचं निवेदन आहे, म्हणजे शब्दांवाचून भागलं नाही, असं तुम्ही म्हणता. ते परदेशी प्रेक्षकांसाठी होतं. यावर मला अधिक बोलायचं नाही. चित्रपट संथ आहे, ही आवडीनिवडीची बाब झाली. सरकारी पैशातून झाला म्हणून तो कमअस्सल, हा मुद्दा तर मी सोडूनच देतो. याच त्रन्काने 1965 साली ‘हात’ हा लघुपट केला. कलावंताला वेठीस धरणाऱ्या सत्तेवरचा तो लघुपट होता, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याच देशात त्यावर बंदी आली. हे माहीत असतं तर तुम्ही ते वाक्य लिहिलं नसतं.

वाद घालायला मी तयार आहे. चौथा अंक पुन्हा वाचा, चित्रपट एकदा पूर्ण पाहा आणि सविस्तर लिहा. तुमचं म्हणणं मी इथेच, एक शब्दही न गाळता छापीन. फक्त पुढच्या वेळी खाली स्वतःचं नाव घाला. मी माझं घातलं आहे.