‘चॅनेल एकदाच मोजा’ म्हणे!

‘पायलट सिग्नल म्हणजे स्पेक्ट्रमची नासाडी’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. (पायलट म्हणजे फोनला आधीच माहीत असलेला सिग्नल; तो किती बदलून पोहोचला यावरून वाटेत काय झालं ते कळतं.) भाच्याने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, मग प्रोजेक्टमधून चॅनेल एस्टिमेशन काढून टाकू का?" म्हणून हा खटाटोप. चॅनेल म्हणजे टॉवरपासून फोनपर्यंतची वाट सिग्नलचा जोर आणि फेज (लहर आपल्या चक्रात कुठे आहे ते) कशी बदलते ते; ते मोजणं म्हणजे चॅनेल एस्टिमेशन.

दावा पहिला: फोन एका टॉवरला जोडला गेला की चॅनेल एकदा मोजायचा, पुन्हा पुन्हा मोजायची गरज नाही. हे लिहिणाऱ्याने फेडिंग हा शब्द नुसता ऐकलेला दिसतोय. टॉवरचा सिग्नल भिंती, गाड्या, जमीन यांवर आपटून अनेक वाटांनी पोहोचतो. त्या लहरी कुठे एकमेकींना जोर देतात, कुठे एकमेकींना मारतात; हेच फेडिंग. ३.५ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण ८.६ सेंमी, म्हणजे चारेक सेंमी सरकलात की चित्र पालटू शकतं. ताशी १०० किमीने जाणारी गाडी एका मिलिसेकंदात २.८ सेंमी पुढे जाते. करा हिशेब: तुमचं ते ‘एकदाच’ घेतलेलं मोजमाप दीड-दोन मिलिसेकंदांत शिळं!

फोन टेबलावर ठेवला तर चॅनेल सावकाश बदलतो, एवढं मान्य. पण टॉवरचा आणि फोनचा ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर बनवणारं सर्किट) तंतोतंत जुळत नाहीत. १०० हर्ट्झचा फरक उरला तरी एका मिलिसेकंदात फेज ३६ अंशांनी फिरते, म्हणजे मोजमाप तिथेही शिळं होतंच.

दावा दुसरा: पायलट निम्मी जागा खातात. एलटीईत, म्हणजे फोरजीत, १२ सबकॅरियर (शेजारशेजारच्या बारीक फ्रिक्वेन्सी) आणि १४ सिम्बॉल (एकामागून एक पाठवलेले सिग्नलचे छोटे तुकडे) मिळून १६८ चौकोन होतात. एका अँटेना पोर्टचे पायलट त्यातले ८, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी. मधल्या जागांवरचा चॅनेल इंटरपोलेशनने, म्हणजे आजूबाजूच्या पायलटवरून अंदाज बांधून काढतात. अँटेना वाढल्या की खर्च वाढतो, ही तक्रार मात्र खरी आहे. पण किती पायलट पुरेत याचं गणित हसिबी आणि हॉकवाल्ड या संशोधकांनी २००३ मध्येच मांडलंय: पायलट आणि डेटा यांना वेगवेगळी पॉवर देता येत असेल, तर जितक्या ट्रान्समिट अँटेना तितकेच पायलट सिम्बॉल पुरतात. ‘निम्मी जागा’ही त्याच पेपरमध्ये आहे, पण ती दोन्हींची पॉवर समान आणि सिग्नल फारच क्षीण असतानाची. फॉरवर्डवाल्याने ती अट सोयीस्कर गाळली.

दावा तिसरा: पायलटऐवजी पॉवर वाढवा. पॉवरने नॉइज दबेल, शिळं मोजमाप ताजं होणार नाही. शिवाय एलटीईत ज्या कांड्या बघून तुम्ही ‘फुल नेटवर्क’ म्हणता, त्यांच्यामागचं मोजमापही पायलटवरच होतं.

दावा चौथा: आता एआय आहे, पायलट कशाला? न्यूरल नेटवर्कवर चालणारे बहुतेक एस्टिमेटर इनपुट म्हणून पायलटच घेतात. पायलटशिवाय चालणाऱ्या ‘ब्लाइंड’ पद्धती एआयच्या गाजावाजाच्या कितीतरी आधीच्या आहेत. त्यांची मेख अशी की क्यूपीएसके या पद्धतीत प्रत्येक सिम्बॉल चार फेजपैकी एकीने पाठवतात आणि त्या चार बिंदूंचं चित्र, म्हणजे कॉन्स्टेलेशन, ९० अंशांनी फिरवलं तरी हुबेहूब तसंच दिसतं. चार शक्यतांपैकी खरी कोणती, हे ठरवायला आधीच माहीत असलेला निदान एक सिम्बॉल लागतो. त्यालाच पायलट म्हणतात.