पानेराईची गोष्ट 1941 वर का थांबते?

घड्याळांच्या शौकिनांशी पानेराई या घड्याळ कंपनीचा विषय काढा, पाच मिनिटांत इटालियन नौदलाचे पाणबुडे येतातच. येऊ देत. ती गोष्ट खरी आहे. माझी तक्रार ती अर्ध्यावर सोडण्याबद्दल आहे.

फ्लॉरेन्सची ही पेढी नौदलाला उपकरणं पुरवायची. 1930 च्या दशकात पाण्याखालच्या घड्याळाची मागणी आली, तेव्हा बाहेरची डबी आणि आतलं मशीन आलं रोलेक्सकडून. पानेराईचं स्वतःचं म्हणजे रेडियमचा चमकणारा लेप. (भक्त मंडळी रागावतील, पण आहे हे असं आहे.) पुढे तबकडी दुहेरी झाली: वरच्या पत्र्यात आकडे आरपार कापलेले, खाली रेडियम. रात्री गढूळ पाण्यात वेळ दिसायला हवी ना! पाणी शिरायचं ते चावीच्या बाजूने. रोज चावी दिली की तिथलं सील झिजणार, म्हणून अँजेलस या स्विस कंपनीचं आठ दिवस चालणारं मशीन आलं. नंतर आली चावी दाबून धरणारी ती कमान. आज लोक जिच्या देखणेपणाचे पैसे मोजतात, ती मुळात बाटलीचं बूच आहे.

आता 19 डिसेंबर 1941. 'शिरे' या इटालियन पाणबुडीतून नौदलाचे सहा पाणबुडे तीन 'माइआले'वर, म्हणजे माणसांनी स्वार होऊन चालवायच्या संथ टॉर्पेडोंवर बसून, ब्रिटिश आरमार असलेल्या अलेक्झांड्रिया बंदरात घुसले. त्यातल्या दे ला पेन्नेचं यान बंद पडलं, जोडीदार बियांकी पाण्यात दिसेनासा झाला. पठ्ठ्याने ते धूड एकट्याने चिखलातून ओढत 'व्हॅलियंट' या ब्रिटिश युद्धनौकेखाली नेलं. दोघेही पकडले गेले. 'व्हॅलियंट'चा कॅप्टन मॉर्गनने त्यांना जहाजाच्या तळाशी कोंडलं, तरी स्फोटकं कुठे आहेत ते त्यांनी सांगितलं नाही. सकाळी 'व्हॅलियंट' आणि 'क्वीन एलिझाबेथ' दोन्ही युद्धनौका तळाला टेकल्या.

मी ऐकलेल्या बहुतेक गप्पा इथेच संपतात. पण 'शिरे'चा कप्तान होता बोर्गेझे. सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शस्त्रं टाकली, तेव्हा हा गडी देचिमा मासचं, म्हणजे या पाणबुड्यांच्याच तुकडीचं, नाव घेऊन जर्मनांकडे गेला आणि त्याच्या माणसांनी आपल्याच देशातल्या बंडखोरांना मारलं. 1970 मध्ये तर त्याने रोममध्ये सत्ता उलथवायचा प्रयत्न केला. फसला, आणि स्पेनला पळाला.

दे ला पेन्ने दुसऱ्या बाजूला गेला. जून 1944 मध्ये ला स्पेझियात जर्मनांच्या हाती पडलेली 'बोल्झानो' ही इटालियन युद्धनौका बुडवायच्या मोहिमेत तो ब्रिटिशांच्या सोबत होता. मार्च 1945 मध्ये त्याच्या छातीवर शौर्यपदक लावलं, ते मॉर्गनने!

1993 मध्ये ही घड्याळं सामान्य गिऱ्हाइकांसाठी निघाली, मग हॉलिवूडच्या स्टॅलोनच्या मनगटावर चढली, 1997 मध्ये कंपनी चैनीच्या वस्तू विकणाऱ्या रिशमों समूहाच्या पंखाखाली गेली. तेव्हापासून शौर्य विकलं जातंय. विका की! काही लाखांच्या घड्याळासोबत 1943 नंतरची ही दोन माणसंही सांगितली तर कंपनीचं काय जातं?