वादग्रस्त कादंबरीवर सिनेमा काढायचाय? बसा, सांगतो

सगळ्यात आधी मुलीचं वय वाढवा. नाबोकोव्हच्या 'लोलिता' कादंबरीत (१९५५) हंबर्ट नावाचा सावत्र बाप जिच्या मागे लागतो ती मुलगी १२ वर्षांची आहे, दिग्दर्शक कुब्रिकने १९६२ च्या सिनेमासाठी १४ वर्षांची स्यू लायन घेतली आणि अशी नटवली की कॉलेजातली वाटावी, म्हणजे बघणारा मनात म्हणतो, चला, तेवढी काही लहान नाहीये. बघा, गुन्ह्याचं 'प्रकरण' झालं, आता प्रकरणाची लवस्टोरी करायला चांगलं म्युझिक लावलं की पुरे. याच कादंबरीवरच्या १९९७ च्या दुसऱ्या सिनेमाला तर खुद्द संगीतकार मॉरिकोने होता!

पटकथा कादंबरीच्या लेखकाकडूनच लिहून घ्या, त्यातलं बरंचसं बाजूला ठेवा आणि टायटलमध्ये नाव मात्र त्याचंच टाका. कुब्रिकने हेच केलं, ऑस्करचं नॉमिनेशनही नाबोकोव्हलाच मिळालं. आता तक्रार कोणत्या तोंडाने करणार बिचारा?

जिथे अंगावर काटा यायला हवा तिथे कॉमेडी घाला. कुब्रिकच्या सिनेमातली हॉटेलातली ती रात्र आठवा, मुलगी झोपलीय, हंबर्ट आणि हॉटेलचा माणूस फोल्डिंगच्या कॉटशी कुस्ती खेळतायत, तेही आवाज न करता. मीपण हसलो, खोटं कशाला बोलू. हा सावत्र बाप तिला इथे कशाला घेऊन आलाय हे दोन मिनिटं डोक्यातून साफ गेलं.

पुस्तकात गोष्ट सांगणारा हाच हंबर्ट गोड गोड बोलता बोलता मध्येच सांगून जातो की आपण झोपेचं सोंग घेतलं की पोरगी रडायची, रोज रात्री. आधीची सगळी साखर तिथे कडू होते. पण हे पडद्यावर आणायचं तर कॅमेरा त्याच्यावरून काढून तिच्याकडे न्यायला लागेल, कोण करणार ती कटकट, त्यापेक्षा तो त्याच्याच डोळ्यांना बांधून टाका. १९९७ वाल्यात ती पहिल्यांदा दिसते तीच लॉनवर, स्प्रिंकलरखाली भिजत, मासिक चाळत, आणि समोर हंबर्ट झालेल्या जेरेमी आयर्न्सचा व्याकूळ चेहरा. दया कुणाची येणार सांगा!

उरलं पोस्टर. कव्हरवर छोटी मुलगी अजिबात नको असं नाबोकोव्हने अमेरिकन प्रकाशकाला बजावलं होतं, ते सोडा. लाल हार्टच्या आकाराचा गॉगल आणि तोंडात लॉलीपॉप द्या. तो गॉगल कुब्रिकच्या अख्ख्या सिनेमात एकदाही दिसत नाही, पण अडलंय कुणाचं? हार्टवाला गॉगल ऑनलाइन सर्च करा आणि कुठल्या नावाने विकतात ते बघा.