दाढ पंधरा मिनिटांची, तोंड चोवीस तासांचं

कोकणात दाढ दुखायला लागली की पहिला इलाज लवंगेचा, दुसरा मिश्रीचा आणि तिसरा शेजाऱ्याचा. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिर होतं, तेवढं खरं. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, ती हिरडी खाते. शेजारी ॲस्पिरिनची गोळी दाढेशी दाबून ठेवायला सांगतो; त्याने दाढ होती तशीच राहते आणि हिरडी भाजते. हे सगळं होऊन गाल टम्म सुजला, की मग दाढ काढायला रत्नागिरी नाहीतर कुडाळचा डॉक्टर. ही दिरंगाई मला अजिबात मान्य नाही. पू झालेल्या जागी आम्लता वाढते आणि तिथे भूल नीट चढत नाही. म्हणजे सुईला घाबरून जो सगळ्यात उशिरा येतो, त्याच्याच वाट्याला जास्त सुया.

निघताना ओटीवरून आवाज येतोच, “वरची दाढ काढू नको, डोळे जातले!” दृष्टीची नस वेगळी, दाढेची वेगळी. उतारवयात चष्म्याचा नंबर वाढतो आणि दाढाही हलायला लागतात, एवढंच त्या दोघांचं नातं.

जेवून जा. नुसत्या इंजेक्शनच्या भुलीला पोट रिकामं लागत नाही. उलट उपाशी माणूस सुई बघूनच खुर्चीत पांढरा पडतो. रक्त पातळ करायची गोळी, मधुमेह, रक्तदाब, बदललेली हृदयाची झडप, ठिसूळ हाडांवरचं औषध, सगळं आधी सांगा. रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि “ती बारकी गुलाबी गोळी” एवढ्या वर्णनावर डॉक्टरला काही कळत नाही, पाकीटच खिशात घाला.

भूल बहुधा लिग्नोकेनची, दोन टक्के, त्यात ऐंशी हजारात एक भाग ॲड्रेनलिन. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून भूल टिकते, आणि म्हणूनच क्षणभर छातीत धडधडतं. खालच्या दाढेसाठी सुई जबड्याच्या पार मागे देतात. पाचेक मिनिटांत अर्धा ओठ आणि अर्धी जीभ परकी होते. वरच्या दाढेला एक सुई गालाच्या बाजूने आणि एक टाळूत. टाळूतली झोंबते. तिथली कातडी हाडाला घट्ट चिकटलेली, औषधाला पसरायला जागा नाही. हे आधी ठाऊक असलं तर डॉक्टरच्या घराण्याचा उद्धार निदान मनातल्या मनात होतो.

आता मुख्य गैरसमज. दाढ ओढून काढत नाहीत. मूळ आणि हाड यांच्यात तंतूंचा पातळ पडदा असतो. एलिव्हेटर नावाचं चपट्या टोकाचं हत्यार त्या फटीत घालून दाढ सैल करतात, मग चिमट्यात धरून गालाकडे, जिभेकडे अशी हलवत राहतात. वईचा, म्हणजे कुंपणाचा, जुना खुंटा काढताना आपण हेच करतो: आधी हलवून भोक रुंद करायचं, मग तो आपसूक वर येतो. दाब जाणवतो, कारण दाबाची जाणीव भुलीने पुरती मरत नाही. कर्र आवाज हाडातून थेट कानात जातो, त्यामुळे तो आहे त्याहून भयंकर वाटतो. दुखलं तर हात वर करा. डॉक्टरचा हात धरू नका, त्यात हत्यार असतं. वरच्या दाढेला सहसा तीन मुळं, खालचीला दोन; एखादं वाकडं निघालं तर दाढेचे तुकडे करून एकेक मूळ काढतात. त्यात डॉक्टरची हार नाही.

खरी परीक्षा पुढे आहे. खड्ड्यावर कापसाची घडी ठेवून अर्धा-पाऊण तास दात घट्ट मिटायचे. म्हणजे बोलायचं नाही! एसटी स्टँडवर पाच ओळखीचे भेटणार, प्रत्येक जण “काय झालां?” विचारणार आणि उत्तर द्यायचं नाही, ही शिक्षा कोकणी माणसाला सुईपेक्षा भारी. थुंकायचंही नाही, लाळ गिळायची. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तेच तुमचं मलम. थुंकण्याने, चूळ भरण्याने, ओढून पिण्याने ती निसटते. म्हणून शहाळं प्या, पण नळीने नको. आंब्याच्या दिवसांत हापूसच्या फोडी चमच्याने खाव्यात. रायवळ चोखायचा नाही. विडी, पान, मिश्री बंद. गुठळी गेली तर दोन-चार दिवसांनी उघड्या हाडातून कळ निघते ती कानापर्यंत. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात; घरगुती उपाय नाही, डॉक्टरकडे जाऊन औषधाची पट्टी भरून घ्यायची.

पहिला दिवस गार पेजेचा, मऊ भाताचा. बधिर तोंडाने कढत चहा नको, भाजलेलं कळत नाही. तिरफळाचं झणझणीत कालवण आणि काट्यांची मांदेली आठवडाभर दुसऱ्यांच्या ताटात बघावीत. दुखण्याची गोळी भूल उतरायच्या आत घ्या. लाळ दिवसभर गुलाबी दिसेल, त्याला घाबरू नका. तोंड रक्ताने भरत असेल तर नवी घडी अर्धा तास दाबा, तरीही थांबलं नाही तर तडक दवाखाना. चोवीस तासांनी पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून, खळखळून नव्हे, नुसतं तोंडात फिरवून सोडा. भाताचं शीत खड्ड्यात बसणारच आणि जीभ सारखी तिथे जाणारच. ते त्या मिठाच्या पाण्याने निघतं. सेफ्टी पिन नको, खराट्याची हिरकूट तर त्याहून नको.