आवडीचा बंदोबस्त

यशाची व्याख्या बदलली, अशी कुजबुज तुमच्याही कानावर आली असेल. गुण आणि क्रमांक म्हणे आता मागे पडले. मूल कशात रमतं, त्याला स्वतःला काय करावंसं वाटतं, हे पाहायचं. घाबरून जाऊ नका. शब्द नवे घ्यायचे, लगाम जुनाच ठेवायचा. थोडी चिकाटी असेल तर चांगली जिवंत आवड एका शालेय वर्षात निकामी करता येते, आणि तीही कौतुकात कुठे कसूर न करता.

आधी आवड हेरा. खूण सोपी आहे: कुणी न सांगता मूल जे करतं आणि तीन हाका मारल्या तरी ज्यातून उठत नाही, ती आवड. किडे पाहणं, चित्रं काढणं, बंद पडलेलं घड्याळ खोलून बसणं, काहीही असेल. दिसली की त्याच आठवड्यात तिला वेळापत्रकात बसवा. मंगळवार-गुरुवार, पाच ते सहा. सहाला उठायचं म्हणजे उठायचं, मग घड्याळाचे स्क्रू जमिनीवर का पडलेले असेनात. आणि मंगळवारी पाचला इच्छा नसली तरी बसायचंच. कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं, हे मुलाच्या हातून गेलं की अर्धं काम फत्ते.

मग बक्षीस. इथे भले भले चुकतात, म्हणून जरा सविस्तर. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांची, मार्करनी चित्रं काढायची मुळातच हौस असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र झाल्यावर अवचित दिलं. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तेच मार्कर पुन्हा समोर ठेवले, तेव्हा कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काहीच बिघडलं नव्हतं. म्हणजे बक्षीस भारी असायची गरज नाही, कागदाचा कपटा पुरतो. ते आधी जाहीर करणं महत्त्वाचं. न सांगता दिलेलं बक्षीस वाया गेलं समजा. आणि मुळात कंटाळवाण्या कामावर ते उधळू नका, तिथे मारायला आवडच नसते.

वही तपासताना नुसता शेरा लिहिण्याचा मोह टाळा. ‘रीत बरोबर आहे, हातचा विसरलास’ एवढंच लिहिलं की पोरगं ते वाचतं आणि पुन्हा गणित करायला बसतं! उपाय अगदी साधा: शेऱ्याशेजारी गुण टाका. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेल्या मुलांचा रस टिकला आणि कामही सुधारलं. शेऱ्यासोबत गुण दिले तेव्हा शेऱ्याचा फायदा बहुतेक पुसला गेला. दहापैकी किती ते पाहायचं, शेजाऱ्याचे पाहायचे आणि वही मिटायची, हा क्रम मुलं लवकर शिकतात.

कौतुक भरपूर करा, पण ‘किती हुशार आहेस!’ असंच. ‘तीनदा खोडून पुन्हा केलंस, तेव्हा जमलं’ असलं काही तोंडातून जाऊ देऊ नका. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये दाखवलं की हुशारीची शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपं काम पसंत करतात आणि एकदा आपटली की आधीपेक्षाही वाईट सोडवतात. आपले गुण फुगवून सांगण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त निघालं. हुशारी टिकवायची तर अवघडाच्या वाटेला जायचं नाही, एवढं त्यांना बरोबर कळतं.

‘तुझं तू ठरव’ हे रोज म्हणा. फक्त पर्याय दोनच ठेवा, दोन्ही तुमचे, आणि नको त्या पर्यायावर बोट गेलं की दोन सेकंद गप्प बसा. वर्षभरात मूल बोट ठेवण्याआधी तुमचा चेहरा वाचू लागेल.

समाधानाचाच आग्रह असेल तर तेही मोजा. दर रविवारी तक्ता भरून घ्या: ‘या आठवड्यात मी किती आनंदी होतो, एक ते दहा’. सहाच्या खाली आकडा आला तर काळजीच्या सुरात कारण विचारा. तिसऱ्या रविवारपासून नऊच येत राहतील. ज्या मापावर भार टाकाल ते माप खोटं बोलू लागतं, हे चार्ल्स गुडहार्ट या अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनधोरणाच्या संदर्भात सांगितलं होतं; घरात तर ते फारच झटपट लागू पडतं.

एवढं करूनही काम फसतं ते दोन कारणांनी. एक, रिकामा वेळ. कंटाळलेलं मूल पाऊण तास एकटं राहिलं की काहीतरी उकरून काढतंच, तेव्हा फटी बुजवत राहा. दुसरं, एखादी मावशी किंवा शिक्षक, जो मुलाशेजारी बसतो, विचारलेलं सांगतो आणि ‘याचा पुढे उपयोग काय?’ असं चुकूनही विचारत नाही. अशा माणसाची गाठ महिन्यातून एकदा पडली तरी तुमची वर्षभराची मेहनत मातीत जाते.

म्हणून अधूनमधून वहीचं शेवटचं पान उघडून पाहा. तिथे किड्याचं चित्र सापडलं, सहाही पाय नीट सांध्यांसकट काढलेले, तर रागावू नका, पान फाडू नका. बंदी घातली की आवड चिवट होते. ‘अरे वा!’ म्हणा, फोटो काढा, मुलासमोरच सगळ्या नातेवाइकांना पाठवा आणि पुढच्या महिन्यातली चित्रकला स्पर्धा कितव्या तारखेला आहे ते सांगा.