एकाच मेसेजमध्ये कॉलेजपण भरलं आणि पोरीपण घरी बसल्या?

गल्लीच्या ग्रुपवर परवापासून तिसऱ्यांदा तोच मेसेज फिरतोय. "अल्पसंख्याकांनी कोटा आणि स्कॉलरशिपवर कॉलेजं भरून टाकली, आपल्या पोरांना जागाच नाहीत, आणि त्यांच्या पोरी तर दहावीनंतर घरीच." आता पोरी घरी बसल्या तर निम्मी कॉलेजं भरली कोणी बे?

आधी "भरून टाकली" बघू. केंद्र सरकारचाच उच्च शिक्षणाचा सर्व्हे असतो, त्यात २०२१-२२ ला देशात ४.३३ कोटी विद्यार्थी, त्यात मुस्लिम (मेसेजचा रोख त्यांच्यावरच आहे) २१.०८ लाख. म्हणजे पाच टक्केपण नाही, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४.२ टक्के. आकडा वाढलाय हे खरंय, २०१४-१५ ला १५.३४ लाख होता, खोटं कशाला बोलू. पण मधलं बघा की, २०१९-२० ला २१ लाख होते ते दुसऱ्याच वर्षी १९.२१ लाखांवर आले आणि त्याच वर्षी देशाचा एकूण आकडा मात्र ३.८५ वरून ४.१४ कोटींवर गेला! पुढच्या वर्षी जे २१.०८ झाले ते फक्त गेलेलं भरून निघालं, टक्का ५.५ होता तो ४.८७ वरच.

कोटा कुठला? जामियासारख्या अल्पसंख्याक दर्जाच्या संस्था सोडल्या तर केंद्राच्या संस्थांत धर्मावर आरक्षण नाही. बागवान, अत्तार, मोमीन हे ओबीसीत येतात, तेपण जातीवर, बाकी ओबीसींच्याच रांगेत उभं राहून. राज्यात २०१४ ला ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता, हायकोर्टाने शिक्षणापुरता उचलूनपण धरला, पण त्याचा कायदा काही झाला नाही. राहिली अल्पसंख्याक कॉलेजं, म्हणजे अल्पसंख्याकांनी चालवलेली, आपल्या समाजासाठी काही जागा राखणारी. तर भावांनो, अल्पसंख्याकांत बौद्ध, जैन, शीख, ख्रिश्चन, पारशीपण येतात, आणि महाराष्ट्रात भाषेवरूनपण दर्जा मिळतो, तेलुगू, कन्नड, गुजराती. सोलापुरात राहून हे मी सांगायचं? ग्रुपमधल्या निम्म्या घरांत तेलुगू बोलतात.

स्कॉलरशिपचं तर उलटंच आहे. पीएचडीवाल्यांची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केली, पहिली ते आठवीची प्री-मॅट्रिकपण त्याच सुमारास गेली.

आणि पोरी. त्या २१.०८ लाखांत १०.५४ लाख मुलीच आहेत, बरोबर निम्म्या. आमच्या मागच्या लाइनीत एक बी.कॉम. करणारी आहे, आई विड्या वळते, ही कॉलेजातून आली की आईच्या सुपाशेजारी बसून पानं कापते आणि तिथंच अकाउंट्सचं पुस्तक उघडं असतं. फी भरायच्या महिन्यात आई रात्रीपण वळत बसते. मेसेज टाकणाऱ्यांपैकी दोघांची घरं त्याच लाइनीत आहेत, रोज तिच्या दारावरूनच जातात.